आजीबद्दल काय लिहायचं, काय नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझी आजी गेल्या कार्तिकात गेली. आमचं गाव कराड तालुक्यातलं. आजी माळकरी. आजोबा लवकर गेले, तेव्हापासून तिनं एकटीनं शेत आणि चार मुलं सांभाळली. गावात कुठंही बाळंतपण असलं की बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला तिलाच बोलावणं यायचं. त्याचे पैसे तिनं कधी घेतले नाहीत. पाय चालत होते तोवर आषाढीची वारीही चुकवली नाही. वर्षश्राद्धाला गावजेवणाच्या खर्चातून तिच्यावर छोटी पुस्तिका काढायची असं घरात ठरलंय आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे आलंय. मी पुण्यात नोकरी करते, लिहायची सवय नाही.

अडचणी अशा. सगळ्यांना आठवणी मागितल्या, तर सगळ्यांनी एकच लिहून दिलं : फार मायाळू होती, देवभोळी होती, कष्टाळू होती. दुसरं, तिचं वय कुणालाच नक्की माहीत नाही. काकांना मुखपृष्ठावर ‘शतायुषी’ छापायचंय. आधारवर १ जानेवारी १९३८ आहे. आई म्हणते नव्वदीची असेल. ती स्वतः सांगायची, की पत्री सरकारच्या वेळी उसात लपलेल्या माणसांना भाकरी पोचवायला तिला पाठवायचे, तेव्हा ती परकर नेसायची. लग्न जळिताच्या साली वैशाखात झालं. आणि भूकंप झाला तेव्हा धाकटे काका पाळण्यात होते. तिसरं, तिच्या काही ओव्या आईला पाठ आहेत. त्यातली एक :

पंढरीच्या वाटं, पायाला भेगा गेल्या
बया म्हणं माझ्या विठूनं, लोण्यानं भरील्या

ही तिनं रचली म्हणायची का? आणि शेवटचं, ज्यावरून घरात वाद झाला. आजी सोवळंओवळं कडक पाळायची. आमच्या विहिरीवर काही घरांतल्या बायकांना घागर बुडवू द्यायची नाही, वरून पाणी वाढायची. पण ७२ च्या दुष्काळात तिनंच विहीर सगळ्यांना मोकळी केली असंही म्हणतात. काका म्हणतात, यातलं काहीच लिहू नकोस, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं. काय करू? — एक नात, पुणे

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. माणसं मागे काय काय ठेवून जातात आणि आपण ते तीन विशेषणांत गुंडाळून टाकतो! घरच्यांचा यात दोष नाही. ज्याच्याजवळ आपण वाढलो त्याच्याबद्दल लिहायला बसलं की हेच होतं. आजी मायाळू होती हे त्यांना इतकं ठाऊक आहे, की ती काय करायची हे सांगायची गरजच त्यांना वाटत नाही.

माझ्या सासरी कोरेगाव तालुक्यात आम्ही आमच्या आत्याबाईंवर असंच एक पुस्तक काढलं, तेव्हा घरच्यांची पानंच्या पानं आली आणि त्यात आत्याबाई कुठेच सापडेनात. त्या सापडल्या पिठाच्या गिरणीवर. गिरणीवाल्यानं सांगितलं, ‘तुमच्या आत्याबाई दर बाजारी दोन डबे आणायच्या. एक घरचा, एक खालच्या आळीतल्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचा. तिचं दळण आधी टाक म्हणायच्या, म्हणजे गिरणी गरम व्हायच्या आत तिचं पीठ निघतं, करपत नाही.’ घरात हे कुणालाही माहीत नव्हतं. त्या एका वाक्यापुढं आमची सगळी पानं मी बाजूला ठेवली.

म्हणून घरच्यांकडून आठवणी मागवणं आता थांबव. बाहेर जा. तुझ्या आजीनं गावातली किती बाळं पायावर घेतली असतील! ती बाळं आज चाळिशी-पन्नाशीची आहेत, त्यांच्या आया साठी-सत्तरीच्या. त्यांच्याकडे जा आणि ‘आजी कशी होती’ असं विचारू नकोस. विचार, की आजी आली की आधी काय करायची? पाणी कशात तापवायची? शेगडीत धुरीला काय घालायची, ओवा का वावडिंग का बाळंतशेपा? बाळाला मांडीवर घ्यायची का पायांवर? बाळाच्या अंगावर पाणी घेताना काय म्हणायची? पहिलटकरीण घाबरली तर तिला काय सांगायची? ती येताना पदराआड काही आणायची का? गरिबाच्या घरी बाळंतिणीला डिंकाचा लाडू कुठून येणार, तो कुणी दिला हे बायका विसरत नाहीत. एकीनं सांगितलं की दुसरी म्हणेल, ‘माझ्या वेळी तर मध्यरात्री कंदील घेऊन आलीवती.’ तिथून पुढं तुला फक्त लिहून घ्यायचंय.

यात एक काळजी घे. नाकात-कानात तेल सोडणं, कोंडलेल्या खोलीत धुरी देणं हे त्या काळी सगळीकडे चाले. आज डॉक्टर ते करू नका म्हणून सांगतात, आणि ते बरोबरच सांगतात. आजी जे करायची ते तसंच लिही, पण ते ‘आजीचा बटवा’ म्हणून छापू नकोस. पुस्तिका वाचून एखादी नवी आई तसं करायला जायची.

आता वय. आधारवरची १ जानेवारी सोडून दे. जन्मतारीख सांगता आली नाही अशा हजारोंची तीच तारीख पडली आहे. पण आजीनं तुला तीन पक्क्या खुणा देऊन ठेवल्या आहेत, कागदापेक्षा पक्क्या. साताऱ्याकडचं पत्री सरकार, म्हणजे इंग्रजांविरुद्ध भूमिगतांनी उभं केलेलं प्रतिसरकार, चाललं १९४३ ते ४६. तेव्हा ती परकर नेसत होती आणि तरी शिवारात एकटी भाकरी घेऊन जाण्याइतकी धीट होती, म्हणजे नऊ ते अकरा-बारा वर्षांची. मोठ्या माणसावर पोलिसांची नजर जायची, परकऱ्या पोरीला कोण अडवणार? म्हणून पोरींना पाठवायचे. जळीत म्हणजे १९४८. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला आणि त्यानंतर आपल्या भागात ब्राह्मणांची घरं पेटली. त्याच वैशाखात लग्न, म्हणजे तेव्हा ती तेरा-चौदाची असणार. भूकंप कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. धाकटा पाळण्यात, म्हणजे शेवटच्या बाळंतपणाला ती तिशी उलटून दोन-तीन वर्षांची. तिन्ही खुणा १९३४ च्या आसपास येऊन मिळतात. तुझी आई बरोबर आहे.

तरी एकदा आजीच्या माहेरच्या तालुक्याला जाऊन ये. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. तिथं आजीचं नाव शोधू नकोस, नाव नसतंच बहुधा. तिच्या वडिलांचं नाव शोध आणि त्यापुढं ‘मुलगी’ अशी नोंद आहे का पाहा. मोडीत असेल तर वाचणारा माणूस सोबत ने. सापडली नाही, तर ‘जन्म १९३४ च्या सुमारास’ असं लिही आणि शेजारी त्या तीन खुणा लिही. काकांना सांग, ‘शतायुषी’ खोटं आहे आणि तिला त्याची गरजही नाही. पत्री सरकारच्या काळात उसात भाकरी पोचवणारी मुलगी हे मुखपृष्ठावर नुसत्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठं दिसेल.

ओव्यांचं. ‘आजीनं रचली’ असं लिहू नकोस, ‘आजीच्या तोंडची ओवी’ असं लिही. जात्यावरची ओवी एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी जाते. सासरी आलेली सून माहेरची ओवी घेऊन येते, सासूची शिकते, एखादी ओळ बदलते, नाव बदलते. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हँ या दोघांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात एकच ओवी या गावात एक, त्या गावात जरा वेगळी अशी पुनःपुन्हा भेटते. तेव्हा ही भेगांची ओवी आणखी कुणाच्या तोंडी असेलही. पण ‘लोण्यानं भरील्या’ ही ओळ ज्या बाईनं आपल्यासाठी धरून ठेवली, ती आषाढात अनवाणी चालली असणार, आणि चालून आल्यावर बयानं, म्हणजे आईनं, पाय धरले असणार. ओवी कुणाची हे कळलं नाही तरी ती तिनं का राखली हे कळतं. ‘वाटं’चं ‘वाटेत’ करू नकोस, ‘भरील्या’ला हात लावू नकोस. छापखान्यातला मुद्रितशोधक ते सुधारायला जाईल, त्याला आधीच बजावून ठेव. आणि आईला म्हणायला लावून मोबाइलवर रेकॉर्ड करून घे, आजच. चाल कागदावर येत नाही.

‘देवभोळी’ या शब्दाचं मला वाईट वाटलं. ज्या बाईनं वैधव्यात चार मुलं वाढवली, शेत राखलं आणि शिवाय गावाची बाळंतपणं निभावली, ती भोळी नव्हती. तिची भक्ती लिहायची तर ती कामाच्या आत बघ. माळ कितव्या वर्षी घातली, कुणाच्या हातची घातली? एकादशीला स्वतःला उपास असताना गड्यांच्या भाकरी कोण थापायचं? हरिपाठ तिन्हीसांजेला देवळात म्हणायची, की धार काढताना गोठ्यात? कार्तिकात काकडआरतीला जायची तेव्हा लेकरं कुणाजवळ ठेवायची? आणि बाळंतिणीकडून बोलावणं आलं आणि तेव्हाच देवळात कीर्तन चालू असलं, तर ती काय करायची? हा शेवटचा प्रश्न नक्की विचार. मला वाटतं ती उठून जात असणार आणि त्याबद्दल तिला कधी चुकल्यासारखं वाटलं नसणार. पण माझं वाटणं छापायचं नाही, विचारून घे.

वारीसाठी तिच्या दिंडीकडे जा. माउलींचा पालखी सोहळा १८३२ च्या सुमारास सुरू केला त्या हैबतबाबांचं आरफळ आपल्याच सातारा जिल्ह्यातलं, त्यामुळे आपल्याकडच्या दिंड्या जुन्या आणि शिस्तीच्या. रथापुढं कितवी, रथामागं कितवी, सगळं ठरलेलं असतं. दिंडीचालकाकडे भिशीच्या वह्या असतात : कुणी किती पैसे भरले, कुणी शिधा दिला. त्यात आजीचं नाव सालोसाल सापडेल. कुठल्या साली पैशाऐवजी ज्वारी दिली, कुठल्या साली नाव नाही, हे बघ. ज्या साली नाव नाही त्या साली घरात काय झालं होतं हे आईला विचार. शिवाय ती डोक्यावर तुळस घेऊन चालायची का, नीरेच्या स्नानाला कुणाचा हात धरायची, चांदोबाच्या लिंबाला रिंगण पाहायला कुठं उभी राहायची, हे तिच्यासोबत चाललेल्या बायका सांगतील. त्यांच्यातल्या एक-दोघी तरी असतील अजून. पुढची आषाढी यायची वाट पाहू नकोस, आत्ताच जा.

आणि आता विहीर. लिही. काकांचा मान राखून, पण लिही.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मलाही पटतं. पण ज्या बायकांच्या घागरीत वरून पाणी वाढलं गेलं, त्या किंवा त्यांच्या लेकी-सुना याच गावात आहेत. ही पुस्तिका त्यांच्याही घरी जाणार. त्यात विहिरीचा उल्लेख नसेल तर त्यांच्या लेखी ती सगळीच खोटी ठरेल, बाळंतपणाच्या खऱ्या गोष्टींसकट. आणि तुझी आजी ज्या विठ्ठलाचं नाव घ्यायची त्याच्याच दारात हा प्रश्न उभा होता. अस्पृश्य म्हणून ज्यांना देवळात घेतलं नाही त्या संत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीशी आहे, आत नाही. पंढरीचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण केलं, तेव्हा तुझी आजी तेरा वर्षांची होती. म्हणजे देवळाचं दार उघडलं तरी तिच्या विहिरीचा काठ पंचवीस वर्षं बंदच राहिला. ते का, आणि ७२ साली नेमकं काय घडलं, हे शोधण्यासारखं आहे. तिनं स्वतः बोलावलं? का कुणी येऊन पाणी भरलं आणि तिनं अडवलं नाही? का सरकारी कामावर खडी फोडताना, एकाच रांगेत सुकडी आणि लाल मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) घेताना, ज्यांना वरून पाणी वाढायची त्यांच्याच शेजारी बसून तिचं मन पालटलं? या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. तुझ्या घरात पहिलीच सांगितली जात असणार. म्हणून त्या घरांत जाऊन विचार आणि त्या बाईचं म्हणणं तिच्याच शब्दांत छाप, त्यात एक शब्दही गोड करू नकोस. ती म्हणाली ‘मला त्यावर बोलायचं नाही’, तर तेवढंही पुरे, परत निघ. दुष्काळ सरल्यावर विहीर पुन्हा बंद झाली का, हेही विचार. झाली नसेल तर तुझ्या आजीनं आयुष्यात केलेल्या मोठ्या गोष्टींत ती एक आहे, आणि आधीचं लपवलंस तर नंतरचं मोठेपण कुणाला दिसणारच नाही.

काकांना हे असंच वाचून दाखव. नाही पटलं तर एवढंच विचार, की आजी असती तर तिनं हे झाकलं असतं का?

---

प्रश्न : आमची आजी मिशनमधली बायबलबाई होती. घरोघर जाऊन बायकांना वाचायला शिकवायची, आजाऱ्यांजवळ बसायची. तिच्या वापरातलं बायबल आमच्याकडे आहे. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं पुसट झालंय, पानं सुटलीत. लॅमिनेट करून घ्यावं का? — एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : नको. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी, दोन्ही नको. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि कागद खातो. लॅमिनेट केलेलं पान पुन्हा सोडवता येत नाही. आधी दिवसाउजेडी खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही असं ठेवून, प्रत्येक पानाचा फोटो घ्या. पेन्सिलीच्या अक्षरांसाठी उजेड बाजूनं येऊ द्या, अक्षर उठून दिसतं. मग सुटी पानं क्रमानं लावून धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको.

मुख्य गोष्ट समासातली. प्रत्येक नोंद कुठल्या वचनाशेजारी आहे ते लिहून काढा. तारखा असतील, ‘अमकीकडे गेले’ असं असेल, तर ती तिच्या सेवेची रोजनिशीच आहे. पुष्कळ घरांत बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू लिहून ठेवायची पद्धत होती, तीही पानं पाहा आणि तुमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशी ताडून घ्या. पाळकांना विनंती केलीत तर दाखवतात. शीर्षकपृष्ठ शाबूत असेल तर भाषांतर कुणाचं तेही बघा. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये छापून झालं. ती प्रत असेल तर फारच जपा. आणि तिच्याकडे वाचायला शिकलेली एखादी बाई अजून असेल तर तिला भेटा. पहिलं वाक्य कुठलं वाचलं हे तिला आठवत असेल.

---

प्रश्न : माझी आई ९१ वर्षांची आहे. स्मरण उत्तम. आयुष्यभर देवळाची झाडलोट केली, शाळेत जाणाऱ्या परगावच्या मुलांना आमच्याकडे वार लावून जेवू घातलं. तिच्या आठवणी नोंदवाव्यात म्हणून बसलो की म्हणते, ‘माझं मेलीचं काय सांगायचं?’ आणि गप्प होते. मी निवृत्त शिक्षक आहे, मुलाखत घेण्याची सवय आहे, तरी जमत नाही. — एक वाचक, सांगली

उत्तर : गुरुजी, तुमची सवयच आड येत असावी. समोर वही, हातात पेन, मोबाइल चालू, असं पाहिलं की त्या पिढीतली बाई आपली परीक्षा घेताहेत असं समजते. आईंना स्वतःबद्दल विचारू नका. वार लावून जेवलेल्या मुलांबद्दल विचारा : सोमवारचा कोण, तो काय आवडीनं खायचा, कोण लाजून दुसरी भाकरी मागायचा नाही, त्याला त्या ती कशी वाढायच्या. मुलांबद्दल त्या तासभर बोलतील आणि त्यात त्या स्वतः येतीलच.

शक्य असेल तर तुम्ही समोर नका बसू. त्यांच्या वयाची एखादी शेजारीण बोलावून आणा, भाजी निवडायला द्या आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत राहा. मोबाइल चालू ठेवणार आहात हे मात्र आईंना आधी सांगा, चोरून ध्वनिमुद्रण नको. मुलगा जवळ असला की काही गोष्टी बोलता येत नाहीत, म्हणून नातसून किंवा लेक हे काम जास्त चांगलं करेल. तिच्याकडे पाच-सहा प्रश्नच द्या : सासरी आल्यावर पहिला स्वयंपाक कुणी शिकवला, पाणी कुठून आणायचे, देवळाची झाडलोट कुणाकडून आली, घरात दाणे कमी असताना वाराला जेवायला आलेल्या मुलाला कधी परत पाठवावं लागलं का.

त्या मुलांपैकी जे सापडतील त्यांना पत्र टाका आणि आईंना भेटायला यायला सांगा. हे सगळ्यात आधी करा, पुस्तक वगैरे नंतर. जेवलेला माणूस समोर येऊन बसला की आई काय बोलतात ते पाहा. एका बैठकीत संपवायची घाई करू नका, त्यांचा दुपारचा डोळा लागायची वेळ सांभाळा, आणि काय निघालं ते मला जरूर कळवा.